एक हात अंतर

१९८३ च्या दहावीच्या तुकड्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू जीवरसायनशास्त्राचा प्राध्यापक आहेस, वीस-पंचवीस मिनिटं काहीतरी विज्ञानाचं बोल. पण झोप येईल असं नको." पहिली अट पाळणं सोपं आहे. दुसरी पाळायचा प्रयत्न करतो. कुणाला डुलकी लागलीच, तर शेजाऱ्याने कोपर मारावं. ही कला आपण सगळे याच इमारतीत शिकलो.

आज मी एका प्रथिनाची आणि त्याच्या जनुकाची गोष्ट सांगणार आहे. ते आपल्या डोळ्यांत काम करतं. पण सुरुवात आपल्या मैदानापासून करतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माझी ताई आठवत असेल. आपल्यापुढे दोन वर्षं. दोन वेण्या, आणि उन्हात आली की डोळे बारीक करून मान खाली घालून चालणारी. १९७९ साली ती नववीत होती, आपण सातवीत. तिला फळ्यावरचं दिसत नसे. चष्मा दिला होता, पण त्याने काही फरक पडत नव्हता. एका तासाला तिला फळ्यावरचं वाचायला सांगितलं, तिला ते जमलं नाही. "नाटकं करते" असं ठरलं आणि तिला तास संपेपर्यंत मैदानात उभं केलं. दुपारचं ऊन होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. सगळ्यांना वाटलं, शिक्षा झाली म्हणून रडतेय. ती रडत नव्हती. तिला उजेड सहन होत नव्हता.

आपल्या सातवीच्या वर्गाची खिडकी मैदानाकडे होती. मी तिला पाहिलं आणि वहीत मान घातली. ती माझी बहीण आहे हे कुणाला आठवू नये, एवढंच त्या वेळी मला वाटत होतं.

ज्यांनी शिक्षा केली त्यांना मी आज दोष देत नाही. तिच्या डोळ्यांत काय आहे हे तेव्हा या गावात कुणालाच माहीत नव्हतं. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका बाईंनी, कुणी न सांगता, एक गोष्ट सुरू केली. त्या फळ्यावर जे जे लिहीत, ते सगळं मोठ्याने म्हणत लिहीत. "समीकरण दोन. एक्स अधिक तीन." वर्गाला वाटायचं ही बाईंची सवय आहे. ताईला ठाऊक होतं ते कोणासाठी चाललंय. त्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, ताई दहावी पास झाली ती तुमच्या आवाजावर. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

आता डोळ्याकडे येतो.

डोळ्याच्या काळ्या भागावर पुढून एक पारदर्शक काच असते. तिला कॉर्निया म्हणतात, मराठीत पारपटल. घड्याळाच्या तबकडीवर काच असते तशी. मध्यभागी तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. तिला लागणारा ऑक्सिजन ती बराचसा थेट हवेतून, अश्रूंच्या पातळ थरातून घेते.

गंमत अशी की ही काच ज्या द्रव्याची बनली आहे, त्याच द्रव्याचा डोळ्याचा पांढरा भागही बनलेला आहे. ते द्रव्य म्हणजे कोलॅजेन, आपल्या कातडीत, हाडांत, स्नायूंच्या दोऱ्यांत असतं तेच. मग एक भाग दुधासारखा पांढरा आणि दुसरा काचेसारखा पारदर्शक, हे कसं? याचं पहिलं समाधानकारक उत्तर डेव्हिड मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये दिलं. फरक द्रव्यात नाही, रचनेत आहे. पांढऱ्या भागात कोलॅजेनचे तंतू जाड-बारीक आणि कसेही गुंतलेले असतात. कॉर्नियात ते सगळे एकसारखे बारीक असतात, सुमारे तीस नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण अडीच हजारावा भाग. आणि ते एकमेकांपासून जवळपास सारख्या अंतरावर उभे असतात. अशा शिस्तीत उभ्या असलेल्या तंतूंमधून प्रकाश विखुरला न जाता सरळ आत जातो.

आपल्या पी.टी.च्या तासाची आज्ञा आठवा. "एक हात अंतर घे!" आपण हात पुढे करायचो आणि पुढच्याच्या खांद्यापासून मोजून मागे सरकायचो. रांगा अशा लागायच्या की एका टोकाला उभं राहिलं की पार दुसऱ्या टोकाची चिंच दिसायची. कुणी दोघं एकमेकांना चिकटले, कुणी रेलला, की रांग मोडली आणि चिंच दिसेनाशी झाली. कॉर्नियाची पारदर्शकता ही अशी रांगेची पारदर्शकता आहे.

मग या तंतूंचे हात कोणते? कोलॅजेनच्या तंतूंना ल्युमिकॅन, केरॅटोकॅन अशा नावांची छोटी प्रथिनं चिकटलेली असतात. त्या प्रथिनांवरून साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या बाहेर आलेल्या असतात. या साखळीचं नाव केरॅटन सल्फेट. कार्ल मायर या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये गाईबैलांच्या कॉर्नियातून ती वेगळी करून तिचं वर्णन केलं. साखळीच्या कड्यांवर जागोजागी सल्फेटचा गट लावलेला असतो. सल्फेटवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि पाणी धरून ठेवतात. हेच आपले पुढे केलेले हात.

आणि आता आजच्या गोष्टीचं मुख्य पात्र. साखळीवर ही सल्फेटं आपोआप बसत नाहीत. ती बसवायला एक कारागीर लागतो. तो कारागीर म्हणजे एक एन्झाइम, आपल्या शाळेच्या पुस्तकातलं विकर. कॉर्नियातल्या पेशींमध्ये ते बसलेलं असतं आणि साखळीच्या ठरावीक साखरेच्या सहाव्या कार्बनला सल्फेट जोडत राहतं. हे प्रथिन ३९५ अमिनो आम्लांचं आहे. ते कसं बनवायचं याची सूचना आपल्या सोळाव्या गुणसूत्रावर लिहिलेली आहे. त्या जनुकाचं नाव सीएचएसटी-६.

या सूचनेत एखादं अक्षर चुकलं तर काय होतं? कधी ३९५ पैकी एकच अमिनो आम्ल बदलतं. पण कारागिराचा हात निकामी व्हायला तेवढं पुरतं. मग सल्फेट लागत नाही. सल्फेट नसलेली साखळी पाण्यात नीट विरघळत नाही. ती पेशीत आणि पेशीबाहेर साचत जाते. तंतूंमधलं अंतर बिघडतं, कॉर्निया पातळ होतो आणि वर्षागणिक धूसर होत जातो. बाळ जन्मतं तेव्हा डोळे स्वच्छ असतात. बालपणी कधीतरी मध्यभागी करड्या ठिपक्यांचं धुकं येतं. विशीपर्यंत ते पूर्ण कॉर्नियाभर पसरतं. तिशी-चाळिशीपर्यंत बहुतेकांची नजर फार कमी होते. बाकी शरीर ठणठणीत असतं.

या आजाराचं नाव मॅक्युलर कॉर्नियल डिस्ट्रॉफी. उतारवयात डोळ्याच्या मागच्या पडद्याला होणारा मॅक्युलाचा जो विकार आपण ऐकतो, तो वेगळा. दोन्ही नावांत 'मॅक्युलर' आहे एवढंच, 'मॅक्युला' म्हणजे डाग. १८९० मध्ये आर्थर ग्रोनाव या जर्मन डॉक्टरांनी कॉर्नियात गाठी असलेल्या दोन रुग्णांचं वर्णन केलं. त्यांना तो एकच आजार वाटला होता, पण पुढे कळलं की ते दोन वेगळे आजार होते, आणि त्यातला एक हा. १९६४ मध्ये क्लिंटवर्थ आणि व्होगेल यांनी दाखवलं की पेशींत साचणारा पदार्थ साखरेच्या साखळ्यांच्या जातीचा आहे. आणि २००० साली अकामा, फुकुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर जेनेटिक्स'मध्ये सीएचएसटी-६ हे जनुक जाहीर केलं. ग्रोनावच्या दोन रुग्णांपासून त्या जनुकापर्यंत यायला ११० वर्षं लागली.

इथपर्यंत कुणी झोपलं नसेल तर आता आमच्या घरात येऊ.

माझे आईवडील एकमेकांचे कोण होते, हे तुमच्यातल्या शेजाऱ्यांना माहीत आहे. आई ही बाबांच्या मामाची मुलगी. म्हणजे आईची सासू ही तिची सख्खी आत्या. आपल्याकडे यात नवल काही नाही. इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ च्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात महाराष्ट्रातली ही रीत नोंदवली आहे: मुलाला मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी नको. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही, जिथे रूढी आहे तिथे, अशा लग्नाला वाट ठेवली आहे. माहेरची पोर घरात आली, जमीन-जुमला, रीतभात सगळं ओळखीचं, मुलीला सासुरवास नाही, अशी त्यामागची समजूत.

ताईच्या डोळ्यांत धुकं दिसायला लागलं, तेव्हा गावात म्हणाले, फूल पडलं. मध घातला, गुलाबपाणी घातलं. कुणी म्हणालं देवीचा कोप आहे. मग शोध सुरू झाला, चूक कुणाची? पोटुशी असताना आईने ग्रहणात भाजी चिरली होती, असं आजीला आठवलं. आईला तसं काही आठवत नव्हतं, पण आजी ठामपणे सांगत असे. तीस वर्षं आमच्या घरात हे वाक्य अधूनमधून ऐकू येत असे: "तेव्हा ऐकलं असतंस तर पोरीचे डोळे गेले नसते." आई उत्तर देत नसे. तिने किती उपास धरले, त्याची मोजदाद नाही.

१९९१ मध्ये, ताई सव्वीस वर्षांची असताना, मुंबईत तिच्या डाव्या डोळ्यावर कॉर्नियाचं प्रत्यारोपण झालं. काढलेली धुरकट चकती तपासणीला गेली आणि तिच्या अहवालात आजाराचं नाव पहिल्यांदा छापून आलं. मी तेव्हा एम.एस्सी. करून नुकता कॉलेजात लागलो होतो. ग्रंथालयात जाऊन पुस्तक उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: हा आजार अप्रभावी पद्धतीने वारशाने येतो. म्हणजे प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक प्रत बिघडलेली असेल तर दुसरी काम भागवते, माणसाला काहीही होत नाही. त्याला वाहक म्हणतात. पण दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक.

म्हणजे ग्रहणाचा संबंध नव्हता. आईने एक प्रत दिली, बाबांनी एक. निम्मं-निम्मं. आणि ही प्रत दोघांकडे आली कुठून? आईबाबांमध्ये जे पूर्वज सामाईक आहेत, त्यांच्याकडून. म्हणजे आजीच्या आईवडिलांपैकी एका कुणाकडून. ती आजीच्या भावामार्फत आईकडे आली, आणि बाबांकडे आली ती खुद्द आजीमार्फत.

तीस वर्षं सुनेला दोष देणाऱ्या माझ्या आजीच्या शरीरातही ते चुकलेलं अक्षर होतं. तिचाही काही दोष नव्हता. तिच्या डोळ्यांना शेवटपर्यंत लख्ख दिसत होतं, पंच्याऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवत असे.

हे सगळं मला १९९१ साली कळलं. आणि मी घरी काही बोललो नाही. आजी म्हातारी, बाबा रागीट, नात्यात वितुष्ट येईल, अशी कारणं मी स्वतःला दिली. आजी १९९९ मध्ये गेली. पुढच्या वर्षी जनुक सापडलं. तो शोधनिबंध वाचला तेव्हा मला शरम वाटली. दूर देशातल्या लोकांनी माझ्या बहिणीच्या आजाराचं मूळ शोधून काढलं, आणि मला दहा वर्षांत स्वयंपाकघरापर्यंत जाता आलं नव्हतं. मी पुन्हा एकदा खिडकीतून पाहून वहीत मान घातली होती.

त्या दिवाळीत आई करंज्या करत होती. मी शेजारी पाटावर बसून तिला सगळं सांगितलं. तांदळाचे दाणे मांडून सांगितलं, दोन तुझे, दोन बाबांचे. आईने दोनदा विचारलं, "म्हणजे दोघांकडून?" मी म्हटलं, "हो, दोघांकडून. आणि चिरलेल्या भाजीकडून नाही." तिने करंजीची कड मुरडली, तळणीत सोडली आणि म्हणाली, "आत्या असताना सांगायला हवं होतंस रे. तीही बिचारी जिवाला लावून घेऊन गेली." मला वाटलं होतं आईला सुटल्यासारखं वाटेल. तिला सासूची कणव आली.

आता तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, आज याचं काय? म्हणून पुढचा भाग सांगतो. खरं तर यासाठीच मी हा विषय घेतला.

दोन वर्षांपूर्वी आईने इच्छा बोलून दाखवली. ताईचा मुलगा आणि माझी मुलगी, दोघं शिकलेली, नोकरीला लागलेली. "माझ्या डोळ्यांदेखत एवढं होऊ दे." मामाची मुलगी. रीतीला धरूनच होतं. बाबा २००९ मध्ये गेल्यापासून आईचा शब्द आम्ही सहसा मोडत नाही. ताईने माझ्याकडे पाहिलं.

या वेळी मी कागद-पेन्सिल घेतली. ताईच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, म्हणजे तिच्या मुलाकडे एक बिघडलेली प्रत नक्की. माझं काय? मला आजार नाही. आईबाबा दोघं वाहक असताना जे मूल निरोगी निघतं, ते वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. माझ्याकडून ती प्रत मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी, म्हणजे तिच्यापुरती तीनात एक. आणि ती वाहक असेल तर प्रत्येक बाळामागे चारात एक. गुणाकार केला की बारात एक. मुलीचं लग्न नात्याबाहेर झालं तर हाच आकडा नगण्य होतो, कारण तिथे त्याच जनुकाचा वाहक भेटण्याची शक्यता फार कमी.

ताई कागदाकडे बघत राहिली. म्हणाली, "बारात एक म्हणजे अकरांना काही नाही. पण त्या बाराव्या पोरीला मी ओळखते."

आईने विषय सोडला. महिनाभर आम्ही मोठी माणसं यावर गंभीरपणे बोलत होतो. शेवटी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं गणित छान आहे. पण मी दादाला दरवर्षी राखी बांधते, हे कुणाच्या लक्षात आलं का?" मुलांना विचारायचं आम्हा सगळ्यांच्याच मनातून राहून गेलं होतं.

नंतर आम्ही तपासणी करून घेतली. आधी ताईचं रक्त, कारण नेमकं कोणतं अक्षर चुकलंय हे आधी आजारी माणसात शोधावं लागतं. मग माझं. मी वाहक निघालो. मुलीने तिची तपासणी तिची ती केली. निकाल मी विचारला नाही. तो तिचा आहे.

एक गोष्ट मात्र मला अजून सोडवता आलेली नाही. एकदा कपड्यांच्या घड्या घालताना ताई सहज म्हणाली, "आईबाबांच्या वेळी कुणी असा कागद मांडला असता, तर मी झालेच नसते. तूही नाही." मी प्राध्यापक माणूस, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी हा आकडा सांगताना जपून सांगतो. आकडा पुढच्या निर्णयासाठी असतो. जे आज आपल्यात आहेत, त्यांना कमी लेखण्यासाठी नसतो.

आपल्या गावांत असं घर एकच नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतल्या संशोधकांनी भारतातल्या कुटुंबांतले या जनुकाचे अनेक बिघाड नोंदवले आहेत. दक्षिण भारतातल्या कुटुंबांवरचा दुसरा एक अभ्यासही २००३ साली प्रसिद्ध झाला. यातल्या बऱ्याच घरांत आईवडील एकमेकांच्या नात्यातले होते. आणि हा काही फक्त आपल्या चालीरीतींचा दोष नाही. आइसलँडसारख्या छोट्या बेटावर, जिथे सगळेच दूरचे नातेवाईक, तिथे एकेकाळी कॉर्निया-प्रत्यारोपणांपैकी सुमारे एक तृतीयांश याच आजारासाठी होत. जिथे पिढ्यान् पिढ्या माणसं आपल्याआपल्यात लग्नं करतात, तिथे एकाच पूर्वजाची दोन अक्षरं पुन्हा भेटतात.

आपण सगळे आता मुलांची लग्नं करण्याच्या वयात आहोत, काही जण केलेलेही आहेत. म्हणून माझी विनंती तीन वाक्यांत.

नात्यात लग्न ठरत असेल, तर घरात लहान वयापासून दोन्ही डोळ्यांत धुकं आलेलं कुणी होतं का, कुणाचं कॉर्निया बदललं का, हे विचारा, आणि असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांचा आणि आनुवंशिकतेच्या सल्लागाराचा सल्ला घ्या. विचारलं तर लपवू नका. आणि एखादी मुलगी वाहक आहे म्हणून तिचं ठरलेलं लग्न मोडू नका. वाहकाला स्वतःला काहीही होत नाही, आणि कुठल्या ना कुठल्या जनुकाची अशी बिघडलेली प्रत तुमच्या-माझ्यापैकी प्रत्येकाकडे असतेच.

डोळ्यात पडलेलं प्रत्येक फूल म्हणजे हा आजार नव्हे, हेही लक्षात ठेवा. उसाचं पातं लागून, जंतुसंसर्ग होऊन, अ जीवनसत्त्व कमी पडूनही कॉर्निया पांढरा होतो. त्यात वेळेवर उपचार झाले तर नजर वाचते. मध, दूध, गुलाबपाणी काही घालू नका, डॉक्टरांकडे जा.

ताईच्या आजारावर औषधाचे थेंब आजही नाहीत. उपाय आहे तो दुसऱ्या माणसाच्या कॉर्नियाचा. पहिलं यशस्वी कॉर्निया-प्रत्यारोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी एडुआर्ड झिर्म यांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथे केलं. भारतातली पहिली नेत्रपेढी १९४५ मध्ये चेन्नईत सुरू झाली. ताईचा डावा डोळा १९९१ मध्ये झाला, उजवा १९९५ मध्ये. उजव्यातला कॉर्निया २०१६ मध्ये थकला, तो पुन्हा बदलावा लागला. म्हणजे तीन घरांतल्या माणसांनी, स्वतःच्या दुःखाच्या घटकेला, फोन उचलला. ती घरं कोणती, हे आम्हाला कधीच कळणार नाही. पहिली पट्टी काढली त्या दिवशी ताईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तू बाबांसारखा दिसायला लागलास. कधीपासून?"

बाबा गेले तेव्हा आम्हीही फोन केला. करायचं फार थोडं असतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून लगेच नेत्रपेढीला कळवायचं. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवायचं. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, मधुमेह असला, तरी कॉर्निया देता येतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं. चेहरा विद्रूप होत नाही. अर्ज भरून ठेवला तर चांगलंच, पण खरी गरज आहे ती घरच्यांना माहीत असण्याची. त्या वेळी निर्णय त्यांनाच घ्यायचा असतो. चहाच्या टेबलावर मी अर्ज ठेवले आहेत. भजी खाऊन हात पुसून मग भरा.

ताई आज आली आहे. तिची बॅच वेगळी, पण मी तिला आग्रहाने आणलं. सकाळी ती नववीच्या वर्गात जाऊन बसली, शेवटच्या बाकावर. मी म्हटलं, पुढे ये की. म्हणाली, "नको. पुढे बसून बसून कंटाळले होते मी." फळ्यावर संयोजकांनी खडूने आजचा कार्यक्रम लिहिला होता. तिने तो तिथूनच, बाईंसारखा मोठ्याने, ओळीओळीने वाचला. शेवटची ओळ होती, "भाषणं थोडक्यात करावीत."

ती मी पाळलेली नाही. माफी असावी.